ट्रॅकवर पाणी मारणारा धोंडिराम

धोंडिराम रणपिसेला राग यायला कारण लागत नाही, असं नाहूरच्या त्याच्या चाळीत सगळे म्हणत. हे साफ खोटं होतं. कारण लागायचं, फक्त ते बाकीच्यांना दिसत नसे. नळ उघडा टाकून गप्पा छाटत बसलेल्या बाईवर तो असा खेकसायचा की तिच्या नवऱ्याला मध्ये पडावं लागे. लग्नाच्या पंगतीत कुणी दोन घोट पिऊन पेल्यातलं पाणी मागे भिरकावलं, तर हा हातातला घास ताटात टाकून उठायचा. माण तालुक्यातला माणूस. त्याच्या लहानपणी आई झिऱ्यापाशी बसून वाटीवाटीनं घागर भरायची आणि घागर भरेपर्यंत उन्हं डोक्यावर यायची. अशा माणसाला मुंबईनं काम काय दिलं, तर पाण्याचा टँकर चालवायचं. आरे कॉलनीतले गोठे, नव्या इमारतींची कामं, नळ कोरडे पडलेल्या सोसायट्या, सगळीकडे तो पाणी पोचवी. टँकरच्या मागचा कॉक थेंबभर जरी गळला, तरी त्याला सुतळी गुंडाळून तो बंद केल्याशिवाय धोंडिराम जेवत नसे.

आणि या माणसाला नाद कसला होता, तर मोटारींच्या शर्यतीचा.

तोही पाण्यामुळेच लागला. कांदिवलीच्या पूर्वेला एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या पायथ्याशी मोठं पटांगण होतं. टाऊनातला एक मोटार क्लब वर्षातून एकदा तिथे शर्यत भरवायचा. परदेशी गाड्या वगैरे काही नाही. आपल्या रस्त्यावर धावतात त्याच फियाट, अँबॅसिडर, एखादी म्हातारी हेराल्ड. दिवे काढून टाकलेले, दारं वेल्ड करून पक्की केलेली, आत सळयांचा पिंजरा बसवलेला. अशा गाड्या लाल मातीच्या गोल ट्रॅकवर एकमेकींना घासत पळायच्या. पण कोरड्या मातीचा धुरळा उडतो आणि पुढचं काही दिसत नाही, म्हणून शर्यतीआधी ट्रॅकवर पाणी मारावं लागतं. ते मारायला क्लबनं एका वर्षी धोंडिरामच्या मालकाचा टँकर मागवला. पाणी मारून झालं, पण गर्दीतून बाहेर पडायला वाट मिळेना. मग टँकर कडेला लावून धोंडिराम टपावर चढून बसला. संध्याकाळी खाली उतरला तेव्हा त्याचा आवाज बसला होता आणि माणूस कामातून गेला होता.

पुढच्या वर्षी त्यानं बायकोला आणलं. सुंदराबाई नको नको म्हणत आली आणि दुसऱ्याच फेरीला दोन बोटं तोंडात घालून तिनं अशी शिट्टी मारली की शामियान्यातल्या खुर्चीवाल्यांनी माना वळवल्या. त्यानंतर शर्यतीच्या दिवशी भाकऱ्या थापून, सुकटीची चटणी फडक्यात बांधून तीच आधी तयार असायची. खाणीच्या उतारावर बसायची त्यांची जागाही ठरून गेली. शेजारी दत्ताराम असायचा. तो मालवणचा, कांदिवलीतच एका लाकडाच्या वखारीत कामाला. शर्यतीचा दिवस म्हणजे त्या उतारावर एक गावच भरायचं. घाटकोपरहून, मुलुंडहून माणसं यायची, कुणी पाळी बदलून, कुणी घरात भांडण करून, पोरांना खांद्यावर घेऊन. आणि या सगळ्यांना गाड्यांची नावं, ड्रायव्हरांच्या खोडी, सगळं तोंडपाठ.

शहाऐंशी साली मात्र गोष्ट नुसती नादाची राहिली नाही.

धोंडिरामच्या बहिणीचा, मीराचा मुलगा भीमराज दहावीला आपटला तेव्हा मामाकडे आला होता. मामानं त्याला अंधेरीच्या एका गॅरेजात चिकटवलं. गॅरेजचा मालक विद्याधरशेठ स्वतः दरवर्षी शर्यतीत उतरायचा, सतरा नंबरची पांढरी फियाट घेऊन, आणि दरवर्षी मधल्यामध्ये कुठेतरी यायचा. त्या वर्षी ती फियाट भीमराजनं पुन्हा पहिल्यापासून उभी केली. गॅरेजचं काम संपलं की तो तिच्याखाली शिरायचा. इंजिन उतरवलं, घासलं, पुन्हा चढवलं. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून कसले कसले तुकडे पिशवीत घालून आणायचा आणि जेवताना ते ताटाशेजारी ठेवून बघत बसायचा. सुंदराबाई म्हणायची, "पोराला आता बायको नको, ही फियाटच करून द्या."

गणपतीनंतर शेठची कंबर धरली. डॉक्टरांनी गाडीत वाकून बसायला बंदी केली. तेव्हा शेठ म्हणाला, "भीमा, यंदा तूच चालव. बांधलीयस तू, तूच पळव."

त्या दिवशी नाहूरच्या चाळीत पेढे वाटले गेले. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर पुडा ठेवून भीमराज मामाच्या पाया पडला आणि धोंडिरामला काय बोलावं सुचेना, म्हणून तो "आधी हात धू, ग्रीस लागलंय," असं ओरडला. उतारावर बसून ज्यांच्या नावानं बोंबा मारायच्या त्या माणसांत आपल्या घरातला माणूस बसणार होता. आख्ख्या चाळीनं ऑक्टोबरातला शर्यतीचा रविवार राखून ठेवला.

आणि त्या रविवारी परतीच्या पावसानं झोडपलं.

ज्या गावात पावसाच्या नावानं देव पाण्यात ठेवतात तिथला धोंडिराम, आभाळाकडे बघून शिव्या घालत होता. पण पावसाला शिव्या घालून किती घालणार? पाऊस काय मुद्दाम करत नव्हता. खरा राग त्याला आला तो क्लबवाल्यांचा. ट्रॅकचा चिखल झालेला सकाळीच दिसत होता. शर्यत होणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तरी माइकवरून "थोडी वाट पाहा, थोडी वाट पाहा" चालूच. कारण शामियान्यात ह्यांचं जेवण चाललं होतं. ते आटपेपर्यंत माणसं उतारावर प्लास्टिक डोक्यावर धरून बसली. बायांच्या मांडीवर पोरं भिजून कुडकुडायला लागली. जेवणं उरकली आणि मग माइकवाला म्हणाला, "पावसामुळे आजची शर्यत पुढच्या रविवारी होईल. हेच तिकीट चालेल." वा रे वा! तिकीट चालेल. पाळी पुन्हा बदलून कोण देणार, तापलेल्या पोराला डॉक्टरकडे कोण नेणार, हे काही माइकवर सांगायची पद्धत नव्हती.

पुढच्या रविवारी सगळे पुन्हा आले. पहाटे सर पडून गेली होती, पण नंतर उघडलं आणि चांगलं कडक ऊन पडलं. ट्रॅक वरून ओला होता, आतून टणक. धोंडिरामनं टाच मारून बघितली आणि दत्तारामला हाक मारली, "दत्त्या, तुझ्या वखारीत भुसा किती पडलाय?"

"वखार भरान आसा. कित्याक?"

"ट्रॅक सुकवायचा."

दत्तारामनं एक टेम्पो गाठला. लाकडाचा भुसा पोत्यापोत्यांनी आला. उतारावरची माणसं खाली उतरली. बायांनी पदर खोचले. भुसा पसरायचा, त्यानं पाणी ओढलं की खराट्यानं लोटून काढायचा, पुन्हा कोरडा पसरायचा. जिथे डबकं होतं तिथे गोणपाट टाकून, वर उभं राहून, उचलून बाहेर पिळायचं. सुंदराबाई वळणावर उभी राहून सगळ्यांना हुकूम सोडत होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला काही मिळणार नव्हतं. आपल्याला शर्यत बघायचीय, एवढंच. दुपारपर्यंत ट्रॅक असा झाला की भीमराजनं सतरा नंबरची गाडी एक फेरी हळू फिरवून आणली आणि खिडकीतून अंगठा दाखवला. उतारावर जो आरडाओरडा झाला तो पार हायवेपर्यंत गेला असेल.

तेवढ्यात माइक खरखरला. "पावसामुळे ट्रॅक ओला असल्यानं आजची शर्यत पुढे ढकलण्यात येत आहे. दिवाळीनंतरची तारीख कळवण्यात येईल."

 ऊन एवढं होतं की माइकवाल्याच्या स्वतःच्या कपाळावरून घाम गळत होता. मग शामियान्यातल्या वाढप्यांकडून खरं बाहेर आलं. बक्षीस द्यायला येणारे बडे पाहुणे पहाटेची सर बघून आपल्या बंगल्यावरच राहिले होते आणि फोन केल्यावर म्हणाले होते, आज नको.

दत्ताराम शामियान्याच्या दोरीपाशी जाऊन उभा राहिला. अंगभर भुसा, डोक्यात भुसा. "पाऊस खंय आसा? दाखव माका! भुसो माझ्या वखारीतलो, घाम माझो, आणि तुमच्या पाहुण्याक येवक जमणा नाय?"

क्लबचा एक सेक्रेटरी होता, पांढरी टोपी घातलेला. तो हसून म्हणाला, "अरे बाबा, तुम्हाला एवढी हौस आहे, मग दिवाळीनंतर या की पुन्हा."

हौस! धोंडिराम त्याच्या अंगावर धावूनच गेला होता. भीमराजनं त्याला मागून कमरेला मिठी घालून धरलं. "मामा, जाऊ दे ना. मला गाडीतून काढतील." या एका वाक्यानं धोंडिराम थांबला. नसता थांबला तरी चाललं असतं, कारण गाडीतून त्याला पुढे काढलं गेलंच.

दिवाळीला विद्याधरशेठच्या बहिणीचा मुलगा अमेरिकेहून आला. चंद्रप्रकाश त्याचं नाव. शिकायला गेला होता. तिकडे म्हणे अशा शर्यतींना लाखभर माणसं जमतात. सुट्टी होती, गाडी तयार होती, तारीख आयती दिवाळीनंतरची झाली होती. त्यानं मामाजवळ हट्ट धरला. शेठनं भीमराजला बोलावून सांगितलं, "भीमा, तू काय, पुढल्या वर्षी चालव. पोरगा लांबून आलाय रे." वाईट माणूस नव्हता शेठ. त्याला खरंच वाटत होतं की यात काही बिघडत नाही.

भीमराज "ठीक आहे शेठ" म्हणाला आणि घरी येऊन तेच मामाला म्हणाला. धोंडिरामनं भिंतीवर अशी लाथ मारली की पलीकडच्या घरातला आरसा पडला.

"ऑक्टोबरात शर्यत झाली असती तर तूच होतास ना गाडीत?"

"होतो."

"ट्रॅक सुकवला होता ना आपण?"

"सुकवला होता मामा. आता काय त्याचं?"

"आता काय त्याचं!" धोंडिराम ओरडला. "त्यालाही मामा आहे, तुलाही मामा आहे. त्याच्या मामानं गाडी दिली. तुझ्या मामानं काय दिलं? भुसा लोटला!"

सुंदराबाईनं मध्ये पडून त्याला गप्प केलं. तो गप्प झाला, पण ते नेहमीसारखं गप्प होणं नव्हतं. ओरडून झालं की धोंडिरामचा राग उतरायचा. या वेळी तो उतरलाच नाही. टँकर भरताना, गोठ्यावर पाणी सोडताना, जेवताना, तो आपला आत रटरटत राहिला. त्या टोपीवाल्याचं "हौस" त्याच्या कानातून जाईना.

शर्यतीचा तिसरा रविवार उजाडला तो कोरडा ठणठणीत. पायाखालची माती पिठासारखी उडत होती. म्हणजे पाणी मारायला टँकर हवाच. धोंडिराम टँकर घेऊन सकाळीच ट्रॅकवर हजर झाला. टोपीवाला सेक्रेटरी हात हलवून म्हणाला, "हलकं मार हां. नुसता धुरळा बसला पाहिजे."

उतार भरला होता. ऑक्टोबरपेक्षा माणसं कमी होती. पाळी तिसऱ्यांदा बदलून मिळाली नव्हती त्यांनी नाद सोडला होता. तरी दत्ताराम होता, सुंदराबाई होती. पोराला गाडीतून काढलं तरी ती आली होती, भाकऱ्या घेऊन. "गाडी तर आपलीच ना," असं तिनं दत्तारामला सांगितलं होतं. धोंडिरामला ते ऐकू आलं नव्हतं. तो टँकरमध्ये बसून पांढऱ्या फियाटकडे बघत होता. नवं कोरं हेल्मेट घालून चंद्रप्रकाश तिच्या बॉनेटवर रेलून फोटो काढून घेत होता. भीमराज त्याच्या पायापाशी बसून चाकाचे नट आवळत होता.

ते बघितलं आणि धोंडिरामचं डोकं फिरलं.

त्यानं टँकर चालू केला. अर्धी फेरी नेहमीसारखी मारली, हलक्या हातानं, फवाऱ्यासारखी. मग खालच्या वळणावर, जिथे उतारामुळे सगळं पाणी गोळा होतं तिथे, त्यानं टँकर थांबवला, उतरून मागे गेला आणि कॉक पूर्ण उघडला. पाणी बदाबदा सुटलं. तुमचीही शर्यत पाण्यात घालतो, भडव्यांनो. सांगा आता माइकवरून, पावसामुळे! टँकर रिकामा होईपर्यंत तो कॉकवर हात ठेवून उभा राहिला.  आयुष्यात एवढं पाणी त्यानं मातीत कधी सोडलं नव्हतं.

लाल माती प्यायली तेवढी प्यायली आणि उरलेल्याचं तळं झालं. सेक्रेटरी धावत आला, टोपी हातात घेऊन. "काय केलंस हे?"

"कॉक अडकला," धोंडिराम म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याचा कॉक अडकला होता.

माइक खरखरला. "ट्रॅक ओला झाल्यामुळे शर्यतीला विलंब होत आहे. थोडी वाट पाहा."

आणि उतारावरून आवाज उठला. धोंडिरामला वाटलं होतं, लोक क्लबवाल्यांच्या नावानं ओरडतील. लोक ओरडले नाहीत. नुसते हाय करून पुन्हा खाली बसले, जसे आधीच्या दोन्ही वेळा बसले होते. पोरांच्या डोक्यावर पदर घेतले, भाकऱ्या सोडल्या. एका म्हाताऱ्यानं उठून तिकीट फाडलं आणि नातवाचा हात धरून तो वाटेला लागला. पोर रडत मागे बघत होतं. शामियान्यात थंड पेयांच्या बाटल्यांची झाकणं उडायला लागली. त्या लोकांचं काय बिघडलं होतं? ते सावलीत होते. चंद्रप्रकाश छत्रीखाली बसला आणि मासिक चाळू लागला.

मग उतारावरून एक आवाज चढला, तो धोंडिरामला हजारात ओळखू आला असता. आपला नवरा थेंब सांडत नाही हे पक्कं ठाऊक असलेली सुंदराबाई उभी राहून ओरडत होती, "कुणी रे सोडलं एवढं पाणी? त्याला उलटा टांगा आधी!"

वळणावर कुणीतरी गोणपाट घेऊन उतरलं होतं. भीमराज होता तो. एकटाच. बूट काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तळ्यात उभा राहिला होता. गोणपाट टाकायचा, त्यावर उभं राहायचं, उचलून बाहेर नेऊन पिळायचा, पुन्हा टाकायचा. धोंडिराम त्याच्याजवळ गेला.

भीमराजनं वर बघितलं नाही. "मामा, पाणी जास्त झालं."

"कॉक अडकला."

"तुझा कॉक कधी अडकत नाही."

धोंडिराम उसळला. "मग काय करू? तू बांधायची आणि त्यानं मिरवायची? तू त्याच्या पायापाशी बसलेला मी बघायचा? कुणासाठी केलं मी हे?"

"मला विचारलंस?" भीमराजचा आवाज चढला. मामासमोर तो कधी चढला नव्हता. "मला ती पळताना बघायची होती. गाडीत तो बसू दे, नाहीतर कुणीही बसू दे. इंजिन माझं आहे. ते सगळ्यांच्या पुढे जातं का एवढंच बघायचं होतं मला. तेवढ्यासाठी चाकं आवळत होतो. ते तरी ठेवायचं होतंस ना माझ्याकडे."

एवढं बोलून त्यानं ओला गोणपाट उचलला आणि पिळायला लागला. लाल पाणी त्याच्या कोपरांवरून गळत होतं.

धोंडिरामनं चपला काढल्या. केबिनमधून होते नव्हते तेवढे गोणपाट आणले आणि तळ्यात उतरला. मग दत्ताराम आला. वखार दिवाळीपासून बंदच होती, भुसा मिळणार नव्हता. तोही एक गोणपाट घेऊन वाकला. उतारावरची आणखी चार माणसं आली. दुपार कलली तसं ऊन खाणीच्या कड्यामागे सरकलं आणि खालचं वळण सावलीत गेलं. सावलीत माती सुकेना. धोंडिराम पिसाटल्यासारखा गोणपाट पिळत होता. हाताची सालटी निघाली तरी थांबेना. ऑक्टोबरात अख्खा ट्रॅक सुकवणाऱ्या माणसांना ते एक वळण काही सुकवता आलं नाही.

उजेड कमी झाला तसा माइकवाला बोलला. पटांगण आजच्यापुरतंच मिळालं होतं, सबब यंदाची शर्यत रद्द. कारण त्यानं सांगितलं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच होतं ते.

पांढरी फियाट दोरीनं बांधून ट्रकमागून ओढत नेली. भीमराज तिच्याबरोबर चालत गेटपर्यंत गेला आणि परत आला. गोणपाटांच्या घड्या करून त्यानं टँकरच्या केबिनमध्ये ठेवल्या. "चल मामा. मामी थांबलीय," एवढंच म्हणाला.

पाणी कुणी सोडलं ते सुंदराबाईला एव्हाना कळलं होतं. आरेतून पवईपर्यंत ती भीमराजला मध्ये बसवून खिडकीकडे तोंड करून बसली. फडक्यातल्या भाकऱ्या तशाच होत्या.

टँकर भांडुपला मालकाकडे लावून तिघं चालत चाळीत आली तेव्हा दिवेलागण झाली होती. खालचा सामाईक नळ धो धो वाहत होता. बादली कधीच भरून पाणी गटारात चाललं होतं आणि दोघी बाया जिन्याशी उभ्या राहून गप्पा मारत होत्या. धोंडिरामला बघताच त्यांनी बोलणं थांबवलं. एकीनं पदर सावरला. आता हा खेकसणार, म्हणून त्या खाली मान घालून उभ्या राहिल्या.

धोंडिरामनं वाकून नळ बंद केला. त्याचा हात बराच वेळ नळावरच राहिला. मग कुणाकडेही न बघता तो जिना चढून घरात गेला.